फोटो काढण्याआधी...



आज एका जुन्या छायाचित्रकाराबद्दल आणि माझ्या एका चुकीबद्दल सांगायचं आहे.

जेकब रीस मूळचे डेन्मार्कचे. १८७० मध्ये ते अमेरिकेत आले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये पोलीस वार्ताहर झाले. गरिबांच्या वस्त्यांतल्या अंधाऱ्या, कोंदट खोल्या त्यांनी रात्री फिरून पाहिल्या होत्या. पण नुसतं लिहून लोकांना पटेना. १८८७ मध्ये त्यांच्या वाचनात आलं, की मॅग्नेशियमचं चूर्ण पेटवून क्षणभर लख्ख उजेड पाडता येतो. मग आधी पिस्तुलासारख्या यंत्रातून आणि नंतर चक्क फ्राईंग पॅनवर चूर्ण पेटवून त्यांनी फोटो काढले. दोनदा तर त्यामुळे घरातच आग लागली! १८९० मध्ये त्यांचं 'हाऊ द अदर हाफ लिव्हज' हे पुस्तक आलं. ज्या मलबेरी बेंड वस्तीविरुद्ध ते लिहीत राहिले, ती पाडून १८९७ मध्ये तिथे बाग झाली.

आठवीच्या वर्गात मी हे अगदी रंगवून सांगत होतो. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "सर, त्या झोपलेल्या माणसांना त्यांनी आधी विचारलं होतं का?"

मी गप्प झालो. रीस अनेकदा न विचारताच आत शिरत. भपकन उजेड व्हायचा, माणसं दचकून उठायची. पण मला आठवला तो माझा मोबाईल.

गेल्या हिवाळ्यात रात्री घरी जाताना माझा एक विद्यार्थी दिसला. आईच्या भुर्जीपावच्या गाडीशेजारी, दिव्याच्या खांबाखाली अभ्यास करत होता. मला भरून आलं. लांबूनच फोटो काढला आणि 'जिद्द असावी तर अशी!' असं लिहून पालकांच्या ग्रुपवर टाकला. भराभर अंगठे आले. पोरगा मात्र तीन दिवस शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी त्याची आई आली. म्हणाली, "सर, आमच्या गाडीचं त्यानं वर्गात कुणालाच सांगितलं नव्हतं हो."

मी फोटो काढून टाकला, त्याची माफी मागितली. तो "ठीक आहे सर" म्हणाला, पण मान वर केली नाही.

रीस यांच्या फोटोंनी लोकांचे डोळे उघडले, हे खरंच. माझ्या फोटोने त्या मुलाला काय दिलं? कौतुक माझंच झालं.

हा पाठ मी आजही घेतो. फक्त त्या मुलीचा प्रश्न आधी फळ्यावर लिहितो. तुम्हीही ग्रुपवर एखाद्या लेकराचा फोटो टाकण्याआधी त्याला एकदा विचाराल ना?