पारख आणि वर्गवारी

कोणते गिऱ्हाईक नुसता भाव विचारून पुढे जाणार, कोणाला उधारी द्यावी आणि कोणाकडून रोखच घ्यावे, हे पेढीवर बसणाऱ्याला शिकवावे लागत नाही. चार दिवाळ्या गल्ल्यावर काढल्या की पारख येते. म्हणूनच मोठी दुकाने ग्राहकांची वर्गवारी करतात यात नवे ते काय, असे आपल्यातील पुष्कळांना वाटते. माझ्या मते नवे बरेच आहे.

अमेरिकेतील ‘बेस्ट बाय’ या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानसाखळीचे उदाहरण बोलके आहे. २००४ च्या सुमारास तिचे प्रमुख ब्रॅड अँडरसन यांनी ग्राहकांची ‘देवदूत’ आणि ‘सैतान’ अशी विभागणी केली. नवी वस्तू पूर्ण किमतीला घेणारे ते देवदूत. केवळ सवलतीतला माल उचलणारे, घेतलेली वस्तू परत करून तीच पुन्हा उतरत्या दराने नेणारे, दुसरीकडचा भाव दाखवून अडून बसणारे ते सैतान. चांगल्या ग्राहकांच्या गटांना नावेही मिळाली: सधन व्यावसायिक तो ‘बॅरी’, उपनगरातील कुटुंबवत्सल आई ती ‘जिल’, नव्या उपकरणांचा शौकीन तरुण तो ‘बझ’. ज्या भागात जिल अधिक, तिथल्या दुकानाची मांडणी तिच्या सोयीने बदलली. सैतानांना दारात कोणी अडवले नाही; त्यांना जाहिरातपत्रे पाठवणे कमी झाले आणि परत केलेल्या मालावर शुल्क लागू झाले.

जिलची सोय पाहण्यात काहीच गैर नाही. परतीच्या नियमाचा गैरफायदा घेणाऱ्याला आवर घालणेही रास्तच. परंतु सवलत दुकानानेच जाहीर केलेली असताना केवळ तिचाच माल घेणाराही त्याच पंगतीत बसावा, हे मनाला पटत नाही. आपल्या घरांत त्याला काटकसरी म्हणतात.

बँकेच्या नोकरीत मीही खात्यांची कमी, मध्यम आणि अधिक जोखीम अशी प्रतवारी केली आहे. ती खातेदाराला सांगायची नसते. मात्र तिच्यामागे रिझर्व्ह बँकेचे नियम असतात आणि ठरावीक मुदतीने ती पुन्हा तपासावी लागते. माणसाची परिस्थिती बदलते, हे त्या नियमाने मान्य केले आहे. दुकानाच्या संगणकात पडलेला शिक्का पुन्हा कोण तपासणार?

जुन्या खातेवहीत गिऱ्हाइकाची नोंद असे, आणि ती आहे हे त्यालाही ठाऊक असे. पीक बुडाले तर वसुली पुढच्या सुगीपर्यंत थांबे. त्याच वहीच्या जोरावर काही पेढ्यांनी गिऱ्हाईक बांधूनही ठेवले, हेही नाकारता येणार नाही. तरीही दोघे समोरासमोर होते.

आज आपल्या दुकानांतही बिल करताना मोबाइल क्रमांक विचारला जातो. त्यासाठी ग्राहकाला सक्ती करू नये, असे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमत झाला.

घरची नवी पिढी गिऱ्हाइकांचे गट पाडील, आणि धंद्यासाठी ते आवश्यकही आहे. बँकेला गुप्तता नियमाने पाळावी लागते. दुकानदाराला तसे कारण नाही. तेव्हा त्याने एवढीच कसोटी लावावी: जी नोंद गिऱ्हाइकाला समोर बसवून वाचून दाखवता येणार नाही, ती आपल्या वहीत नसावी.