वारकऱ्याच्या हातातली शिदोरी

ज्येष्ठ सरत आला की पालख्या पुण्यात येतात. माउलींचा मुक्काम भवानी पेठेत, तुकोबांचा नाना पेठेत. दोन रात्री साऱ्या गावाला वारकऱ्यांसाठी काय करू नि काय नको असं होऊन जातं. आमच्या गल्लीतही बायका एकत्र जमून स्वयंपाक करतात. यंदा मात्र थोडं वाजलंच! शेजारच्या वहिनींचा बेत होता, पहाटे निघणाऱ्यांना मसालेभाताची पाकिटं द्यायची. मी म्हटलं, "वहिनी, इथं बसवून गरम वाढा, हवा तेवढा. बांधून देऊ नका." त्यांना ते लागलं.

पण मैत्रिणींनो, ते पाकीट उघडणार कधी? माउलींबरोबर सासवडला जायचं म्हणजे ३० किलोमीटरांच्या वर चाल, त्यात दिवे घाटाची चढण. शिजलेलं ओलं अन्न बाहेर २ तास ठीक. ३२ अंशांच्या वर उष्मा असेल तर १ तासच. भातातल्या काही जंतूंची बीजं उकळीलाही दाद देत नाहीत. भात कोमट राहिला की ती रुजतात, आणि त्यांचं एक विष पुन्हा तापवूनही जात नाही. खाणारी असते सत्तरीची आजी. घाटात उलट्या-जुलाब लागले तर तिनं जायचं कुठं? बाईमाणसाला आडोसा तरी मिळतो का तिथं?

दिंडीतल्या बायका हे आपल्याहून जाणतात. पीठ, डाळ, तांदूळ असा कोरडा शिधा ट्रकमधून पुढे जातो. मुक्कामी राहुट्या पडल्या की चूल पेटते, आणि पिठलं-भाकरी तव्या-पातेल्यातून थेट पानात.

द्यायचंच तर दशमी द्या. कणीक दुधात भिजवतात म्हणून ती टिकते, असं सांगतात. मला विचाराल तर निम्मं श्रेय खरपूस भाजण्याचं. डब्यात गरम कोंबलीत तर घाम सुटून ओशट होते. पूर्ण निवली की कागदात बांधा, आणि दुपारपर्यंत संपवा म्हणून सांगा. सोबत सुक्या खोबऱ्याची लसूण घालून केलेली चटणी. ओला नारळ नको, दह्याची कोशिंबीर तर मुळीच नको. भाजलेले शेंगदाणे, गूळ, चुरमुरे, राजगिऱ्याचे लाडू खुशाल द्या. हे करताना कोरडे हात आणि कोरडा चमचा, एवढं सांभाळा. आणि केळी द्या भरपूर! त्यांना झाकण जन्मजातच असतं.