प्रश्न कोणाचा, पाठ्यवृत्ती कोणाची

श्रावणात पुण्यास जमणाऱ्या शास्त्रीपंडितांना पेशवे जी दक्षिणा वाटीत, तिचा काही भाग इंग्रजी अमलात आधी ग्रंथपारितोषिकांकडे आणि पुढे महाविद्यालयांतील दक्षिणा फेलोशिपकडे वळला. आणि ज्या दानाच्या मानकऱ्यांत स्त्रीची गणना कधीच नव्हती, त्याच परंपरेतली पाठ्यवृत्ती फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झालेल्या इरावती कर्वे यांच्या वाट्याला आली. पाठ्यवृत्ती म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत चरितार्थाची काळजी न करता एका प्रश्नाचा पाठपुरावा करता यावा, यासाठी अभ्यासकाला दिलेले वेतन. या वेतनाच्या आधारे त्यांनी मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२८ साली चित्पावन ब्राह्मणांवरील प्रबंधाने एम. ए. पूर्ण केले.

पुढचा टप्पा बर्लिनचा होता, आणि त्यासाठी जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घ्यावे लागले. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या धोंडो केशव कर्वे यांनाही सुनेचे परदेशी जाणे पसंत नव्हते, यावरून सुधारणेच्या घरातही स्त्रीच्या उच्च संशोधनाची वाट किती अरुंद होती हे कळते. बर्लिनमधील मानवशास्त्राच्या संस्थेत त्यांनी ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवटीच्या असमरूपतेवर, म्हणजे तिच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरकावर, काम केले. वंशभेदाच्या सिद्धान्तावर उभ्या असलेल्या त्या संस्थेत बसून त्यांनी जो निष्कर्ष मांडला, तो असा की या फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही. प्रश्न दुसऱ्याने हाती दिलेला होता. उत्तर मात्र मोजमापातून निघाले तेच त्यांनी दिले.

मायदेशी परतल्यावर या डॉक्टरेटधारी विदुषीने काही वर्षे महिला विद्यापीठात कुलसचिवाचे काम केले, आणि १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात रुजू झाल्यावरच संशोधनाला स्थिर आसरा मिळाला. देशभर हिंडून जमवलेल्या नातेव्यवस्थेच्या सामग्रीला ग्रंथरूप देण्याची सवड मात्र १९५१-५२ मध्ये लंडनच्या निमंत्रणाने दिली, आणि भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. सामग्री इथली आणि प्रश्नही इथला होता. बाहेरून लाभला तो अखंड वेळ. विकसनशील देशांतील स्त्री-समाजशास्त्रज्ञांसाठी असलेल्या पाठ्यवृत्त्यांची कसोटी यातच आहे: त्या वेळ देतात की वेळेच्या मोबदल्यात प्रश्नही ठरवून देतात?

प्रश्न बदलला की काय दिसू लागते, हे १९७४ सालाने दाखवले. त्या वर्षी 'टुवर्ड्स इक्वॅलिटी' या अहवालाने लोकसंख्येतील स्त्रियांचे घटते प्रमाण आणि रोजगारातील त्यांचा घटता वाटा समोर आणला, आणि त्याच वर्षी मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. स्त्रियांनी केलेले काम जनगणनेच्या रकान्यांत का मावत नाही, असे विचारणारे अभ्यासक तयार झाल्यावरच ते रकाने तपासले जाऊ लागले.

नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण नांदगाव तालुक्यात असे न विचारलेले प्रश्न पुष्कळ आहेत. उन्हाळ कांदा काढणे, पात कापणे, निवडणे आणि चाळीत भरणे या कामांत बायांचा हात मोठा असतो. परंतु सातबारा, बाजार समितीतील पट्टी आणि पिकाचा हिशेब बहुधा पुरुषाच्या नावे असतो, त्यामुळे त्यांच्या श्रमांची नोंद मजुरीपुरती उरते आणि घरच्या शेतात तर तेवढीही होत नाही. टंचाईत पाण्यासाठी जाणारा वेळ कोणत्याच ताळेबंदात येत नाही. हा विषय दूरच्या विद्यापीठातील अभ्यासकालाही हाताळता येईल, पण कोणत्या बाईला मजुरी कधी आणि कोणाच्या हातात मिळते, हे विचारण्यासाठी जी ओळख आणि जी बोली लागते, ती त्याच तालुक्यातील मुलीकडे अधिक सहज असते.

तिच्यापर्यंत पाठ्यवृत्ती पोहोचण्यातील अडसर केवळ गुणवत्तेचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्तीत स्त्रियांना वयाची पाच वर्षांची सवलत आहे, कारण लग्न, बाळंतपण आणि घरातील आजारपणे यांत गेलेली वर्षे अर्जातील तारखांतून दिसत नाहीत. ही समज नियमांत उतरली, हे मोलाचे आहे. तरी वयाची सूट मिळाल्याने दुपारचा वेळ मोकळा होत नाही. रक्कम वेळेवर हाती न आली, तर घरच्यांच्या लेखी संशोधन हा पुन्हा हौसेचा उद्योग ठरतो. उलट दरमहा येणारे वेतन तिच्या टेबलाला घरात मान मिळवून देते. म्हणून मूल लहान असताना मुदत वाढवणे, क्षेत्रकार्याच्या प्रवासाचा खर्च देणे आणि प्रबंध मराठीत लिहिण्यास कमीपणा न मानणे, या बाबी पाठ्यवृत्तीच्या रकमेइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. इरावतीबाईंनी इंग्रजी ग्रंथांबरोबरच मराठीतही विपुल लिहिले, त्यामुळे त्यांचे समाजशास्त्र विद्यापीठाबाहेरच्या वाचकाला वाद घालण्याइतके जवळचे झाले. नांदगावच्या कांदाचाळीवरील प्रबंधही तिथल्या बायांना वाचता किंवा ऐकता आला आणि त्यातील चुका त्यांना दाखवता आल्या, तर त्या पाठ्यवृत्तीवर झालेला खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.