एकशे ऐंशी वॅटचा जमाखर्च

आम्ही हाडाचे कारकून. बी.कॉम. झाल्यापासून जमा किती आणि खर्च किती, हे पाहिल्याशिवाय आम्ही कुठे सही करीत नाही. पण अभ्यासिकेच्या संगणकाला हा नियम लावायला आम्ही विसरलो आणि दोष एका गरीब मुलीला दिला. म्हणून ही हकिकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

राळेगावात आमच्या वस्तीत मुलांची अभ्यासिका आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरता यावेत म्हणून वर्गणी काढून एका मोठ्या कंपनीचा वापरलेला संगणक घेतला. कुणी शंभर दिले, कुणी मजुरीतले पन्नास. वस्तीतली एक मुलगी पॉलिटेक्निकला आहे. तिला नकाशे काढता यावेत म्हणून आम्ही त्यात जुने ग्राफिक्स कार्ड बसविले. दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी मोठा नकाशा उघडताच संगणक फट्कन बंद! पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच.

"काय दाबलंस गं?" आम्ही रागावलो.

"काका, मी काईच नाई केलं जी."

दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेला म्हणून सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही गप्प बसलो. पण मनात आले, अर्ज भरताना हा बंद पडत नाही, नकाशालाच का पडतो? कार्ड काढून पाहिले, तर दिवसभर बिनतक्रार चालला. मग आम्ही वही घेतली.

भिंतीतली २३० व्होल्टची वीज संगणकाला थेट चालत नाही. आतली लोखंडी पेटी, म्हणजे एसएमपीएस, तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देते. आमच्या पेटीवर १८० वॅट लिहिले होते. ही झाली जमा. खर्च असा: प्रोसेसर ६५, कार्ड ७५, बाकी बोर्ड, डिस्क, पंखे मिळून ४०. बेरीज १८०! शिल्लक शून्य. त्यात प्रोसेसर जोरात आला की ६५ च्या वर जातो. धूळ आणि विदर्भाचा उन्हाळा खाल्लेली जुनी पेटी तेवढे देणार कुठून? भार झेपेना, की ती सगळेच बंद करी.

नवी पेटी घेतानाही फसलो असतो. बाजारातल्या नेहमीच्या पेटीला २४ पिनांचा मोठा प्लग असतो. काही कंपन्यांच्या तयार संगणकात मात्र प्लग वेगळा आणि पेटीचा आकारही वेगळा. आमचाही तसाच निघाला. म्हणून नागपूरहून त्याच कंपनीची, त्याच मॉडेलला बसणारी ३१० वॅटची पेटी आणली. पेटीवरचा मोठा आकडाच पाहू नये. १२ व्होल्टला किती अँपिअर, तेही वाचावे. १२ ला त्याने गुणले की खरी ताकद कळते, कारण प्रोसेसर आणि कार्ड बहुतेक वीज तिथूनच घेतात.

बदलताना आधी भिंतीतला प्लग काढला, मग सुरू करायचे बटण एकदा दाबले. वायरी कुठे लागतात याचा मोबाईलवर फोटो घेतला. स्क्रू काढले, पेटी बदलली. जुनी पेटी मात्र उघडली नाही. प्लग काढल्यावरही तिच्या आत वीज साठून राहते. जीवाशी खेळ नको.

संगणक सुरू झाला. तोच मोठा नकाशा उघडून तासभर ठेवला. बंद पडला नाही.

संध्याकाळी मुलीच्या घरी गेलो. तिची आई कापूस वेचून नुकतीच आली होती. म्हणाली, "मीच म्हटलं तिले, लोकाईच्या वर्गणीची वस्तू हाय, पुन्हा हात लावू नको."

आम्ही दोघींसमोर सांगितले, "बाई, चूक पोरीची नाही, आमची आहे. भार वाढवला आम्ही, बेरीज केली नाही आम्ही, आणि रागावलो तिच्यावर."

मुलगी काही बोलली नाही. सोमवारी मात्र वेळेवर आली. आल्या आल्या तिने पेटीवरचा आकडा वाचला, आपल्या वहीत लिहून घेतला आणि मग संगणक सुरू केला.