दोन राजधान्या आणि एक टेबल

मध्य भारत राज्याला दोन राजधान्या होत्या, हे आजच्या तरुण मंडळींना सांगितले की त्यांना गंमत वाटते. २८ मे १९४८ रोजी स्थापन झालेल्या त्या राज्याचा कारभार हिवाळ्यात ग्वाल्हेरहून आणि उन्हाळ्यात इंदूरहून चाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मध्य प्रदेशात विलीन झाले, राजधानी भोपाळला गेली आणि हा फेरा संपला. दोन संस्थानांचा मान राखण्याची तडजोड त्यात होतीच. पण ग्वाल्हेरचा मे महिना ज्यांनी सोसला आहे, त्यांना माळव्याच्या पठाराच्या साडेपाचशे मीटर उंचीचे मोल निराळे सांगावयास नको. आमचे वडील त्या सचिवालयात कारकून होते. बस्ते बांधून पेट्यांत भरावयाचे, याद्या करावयाच्या, आणि इंदुरास पोहोचल्यावर नेमकी हवी ती नस्ती ग्वाल्हेरला राहिल्याचे उघडकीस यावयाचे, असे ते हसत सांगत. मात्र दोन्ही गावी बसावयास आपले टेबल असे, हेही आवर्जून सांगत.

या टेबलाची आठवण आम्हांस सूनबाईंमुळे होते. त्या इंदुरातच एका संगणक कंपनीत आहेत. आठवड्यातून तीन दिवस कार्यालय, दोन दिवस घर. याला हायब्रिड म्हणतात. कार्यालयात त्यांचे स्वतःचे असे टेबल नाही. सकाळी मोबाइलवर जागा राखून ठेवावयाची, संध्याकाळी ती मोकळी करून निघावयाचे. निम्मी माणसे घरी असताना सर्वांची टेबले कशाला, हा कंपनीचा हिशोब चुकीचा नाही. पण अडतीस वर्षे सरकारी खुर्चीत काढलेल्या माणसाला, रोज नव्या जागी बसणारा माणूस कार्यालयात पाहुण्यासारखा वावरतो, असे वाटल्यावाचून राहत नाही. शिवाय ते सारे एकच मोठे दालन. सूनबाई तेथे कानाला यंत्र लावून बंगळूरच्या लोकांशी बोलतात; शेजारच्या टेबलावरील मुलगीही तेच करते. मग तासभराचा प्रवास कशासाठी, हा त्यांचा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो. बर्नस्टाइन आणि टर्बन या अभ्यासकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की भिंती काढून मोकळी दालने केल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि संगणकावरचा पत्रव्यवहार वाढला.

आमच्या जुन्या कचेरीत असे नव्हते. जाड भिंती, उंच छत, उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे आणि चोहोबाजूंनी रुंद व्हरांडा. निम्मी प्रकरणे त्या व्हरांड्यातच मिटत. पुढे काचेच्या नव्या इमारतीत गेलो. तेथील खिडक्या उघडतच नसत आणि वीज गेली की सारे जिन्यावर येऊन बसत. परंतु जुन्याचे फार कौतुक करू नये. त्या देखण्या कचेरीत स्त्रियांसाठी धड स्वच्छतागृह नव्हते. आमच्या विभागातील एक भगिनी बाळंतपणानंतर तान्ह्या मुलीला घेऊन येत; मूल अभिलेखागारात बस्त्यांच्या आडोशाला निजे. वरिष्ठांच्या नजरेस ते आले, समज दिली गेली. त्यांनी आधी बिनपगारी रजा घेतली आणि मग नोकरीच सोडली. त्या हुशार होत्या. जमीन महसुलाचा हिशोब त्यांच्याइतका बिनचूक कोणाचा नसे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर हवे आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता आले पाहिजे, असा कायदा व्हावयास २०१७ साल उजाडले. रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूदही त्याच दुरुस्तीने आली.

घरून काम करू दिल्याने माणसे आळसावतात, हा आमच्या पिढीचा लाडका समज. एका चिनी प्रवास कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांवर निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामात व बढत्यांत फरक पडला नाही. नोकरी सोडण्याचे प्रमाण मात्र एक-तृतीयांशाने उतरले, आणि ते प्रामुख्याने स्त्रिया व लांबून येणाऱ्यांमध्ये.

कार्यालयाची रचना करावयास तज्ज्ञ असतात; घराकडील अर्ध्या कार्यालयाची रचना कोण करतो? २०२० च्या टाळेबंदीत सूनबाई जेवणाच्या टेबलावर बसत. एकीकडे कुकरच्या शिट्ट्या, दुसरीकडे आमच्या पूजेची घंटा. त्यात येणारा-जाणारा "घरीच आहेस ना, जरा चहा टाक" म्हणे. मान आणि पाठ धरली. हायब्रिड सुरू झाल्यावरही तेच चालले, आणि एके रात्री त्या नोकरी सोडण्याचे बोलू लागल्या. अभिलेखागारातील ते मूल आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. आम्ही दुपारच्या झोपेची आमची खोली रिकामी केली. सुताराकडून त्यांच्या कोपराच्या उंचीला बेताचे टेबल करून घेतले. उजेड डाव्या बाजूने, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची. कंपनीने लॅपटॉप दिला, खुर्ची दिली नाही. ती आम्ही आणली. दार लागलेले असेल तर सूनबाई कचेरीत आहेत असे समजावे, हा घरचा नियम.

नियम पाळणे सर्वांत कठीण गेले ते आमच्या सौभाग्यवतींना. परवा मंडळातील एक वहिनी आल्या आणि सवयीने त्या दाराकडे वळल्या. "त्या साडेसहाला सुटतात," असे सांगून सौभाग्यवतींनी स्वतःच चहाचे आधण ठेवले.