मिऱ्यांच्या वाटेने

परागंदा होणे म्हणजे काय, हे आम्हां गोमंतकीयांस पोथीतून शिकावे लागत नाही. श्रीमंगेश १५६० साली कुशस्थळी सोडून प्रियोळास आले. श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली. माझे कुलदैवत मंगेश. म्हणूनच त्याच शतकात, त्याच पोर्तुगीज सत्तेच्या जाचातून निसटलेल्या यहुदी समाजाची हकीकत मी वाचली, तेव्हा ती मला परक्यांची वाटली नाही.

स्पेनने १४९२ साली यहुद्यांना देशाबाहेर घालविले. पोर्तुगालात आसऱ्यास आलेल्यांवर १४९७ साली बळेच बाप्तिस्मा लादण्यात आला, आणि १५३६ साली तेथे इन्क्विझिशन उभे राहिले. अशाच एका कुटुंबात १५१०च्या सुमारास लिस्बन येथे ग्रासिया नासी जन्मली. जगासाठी तिचे नाव होते बियात्रिझ द लुना. ऐन तारुण्यात वैधव्य आले, आणि मेंदिश पेढीचा मोठा वारसा तिच्या हाती आला.

ही पेढी मिऱ्यांच्या व्यापारावर गबर झालेली. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरून गेलेले मिरे लिस्बनहून आंतवेर्पला जाई. त्या मालवाहू गलबतांतून माणसेही गुपचूप जाऊ लागली. पुढे कोणत्या वाटेने जावे, कोणत्या धर्मशाळेत उतरावे, कोणावर विश्वास ठेवावा, हे पेढीचे हस्तक निर्वासितांना सांगत. आल्प्स पर्वत ओलांडून व्हेनिस-फेरारा, आणि तेथून सुलतानाच्या मुलखात, असा तो प्रवास असे. बंदिवानाला सोडविण्याहून थोर पुण्यकर्म नाही, असे बाराव्या शतकातील यहुदी धर्मशास्त्रकार मायमोनिडीस सांगून गेला होता. ग्रासियाने त्या धर्मवचनाला हिशेबाची वही, हुंडी आणि गलबत यांची जोड दिली. मला तिचे मोठेपण येथेच दिसते. कळवळा पुष्कळांना येतो. व्यवस्था थोडेच उभारतात.

तिला नेहमीच यश आले, असे मात्र नाही. १५५६ साली पोपच्या आज्ञेने आंकोना बंदरात २०हून अधिक नवख्रिस्ती यहुद्यांना देहान्त शासन झाले. तेव्हा कॉन्स्टँटिनोपलला स्थायिक झालेल्या ग्रासियाने त्या बंदरावर व्यापारी बहिष्कार घडवून आणला. परंतु आंकोनातच राहिलेले यहुदी कळवळून सांगू लागले की, या बहिष्काराचा सूड आमच्यावर उगवला जाईल. धर्मपंडितांत मतभेद झाले आणि बहिष्कार ढासळला. दोन्ही बाजूंना आपल्याच माणसांची चिंता होती. एकीची खरी कसोटी अशाच प्रसंगी लागते, आणि तिचा निकाल सोपा नसतो.

ग्रासिया १५६९ साली सुलतानाच्या राज्यात वारली. त्याच वर्षी आपल्या गोव्यात कातारिना द ऑर्ता ही यहुदी वंशाची स्त्री जाळण्यात आली. प्रसिद्ध वैद्य गार्सिया द ऑर्ता याची ती बहीण. १५८० साली त्याचीही हाडे उकरून जाळली गेली. ग्रासियाची गलबते येथवर पोहोचणारी नव्हती.

आमचे देव वाचले, कारण नदीपलीकडे आदिलशाहीचा मुलूख होता आणि तेथील गावांनी जागा दिली. पालखीपुढे हात जोडताना देव आले, एवढेच आपण आठवतो. ज्यांनी रात्री होडी हाकली, ज्यांनी ओसरी मोकळी करून दिली, त्यांची नावे कोणत्याही ताम्रपटावर नाहीत. वाचकहो, ते ऋण आता त्यांना फेडता येणार नाही. आपल्या उंबऱ्याशी कोणी आसऱ्यास आला, तर त्याच्याच हाती ते फेडावयाचे आहे.