भरूचचा एक मुक्काम

मरोळला विमानतळाची भिंत लागूनच आहे. दर दोन-चार मिनिटांनी डोक्यावरून विमान जाते. ते कुठे जाते, आत कोण बसलेले असते, याचा विचार करायला आमच्या वस्तीत कोणाला सवड नाही. आपल्या घरांतला प्रवास ठरलेला असतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा-कोरेगाव, २० मार्चला महाड, जमले तर नागपूरची दीक्षाभूमी. त्याखेरीज गावाकडचे लग्न आणि गावाकडचे मयत. हे प्रवास समाजाचे आणि भावकीचे. ते करायलाच हवेत आणि आम्ही उभयता वीस वर्षे ते आनंदाने करीत आलो. पण नवरा-बायकोने, फक्त दोघांनीच, कुठे जाऊन यावे ही गोष्ट आपल्याकडे कोणी तोंडातून काढीत नाही. काढलीच तर शेजारीण तोंडाला पदर लावून विचारते, "काय गं, आता म्हातारपणी हनिमून का?"

गेल्या हिवाळ्यात एक शनिवार-रविवार आम्ही भरूचला जाऊन आलो. महाराष्ट्राची हद्द ओलांडून गुजरातेत, नर्मदेच्या काठी असलेले हे जुने बंदराचे शहर. त्यात मौज होती, ती सांगूच. परंतु वाचक भगिनींना आणि बांधवांना सांगायचे आहे ते थोडे निराळे आहे.

आमचे घर दहा बाय पंधराचे. त्यात सासूबाई, बारावीतली मुलगी, आठवीतला मुलगा आणि आम्ही दोघे. आमच्यातली एक कचेरीत कारकून, दुसरे एमआयडीसीतल्या कारखान्यात फिटर. ह्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. संध्याकाळी महिला मंडळाचे काम, रविवारी विहारातली सभा. दोघांचे बोलणे होत नाही असे नाही. पाणी आले का, क्लासची फी भरली का, आईंची बीपीची गोळी संपली का, हे रोज बोलतो. परंतु जे मुलांच्या कानावर पडू नये, ज्याने म्हातारीला घोर लागेल, असे बोलायचे कुठे? रात्री पंखा बंद झाला की कुजबुजसुद्धा चौघांना ऐकू जाते. खाली रस्त्यावर उभे राहावे तर ओळखीचे दहा जण 'जयभीम' करून थांबतात. बंगलेवाल्यांना आणि फ्लॅटवाल्यांना याची कल्पना यायची नाही. चाळीत आणि झोपडपट्टीत राहणाऱ्या प्रत्येक जोडप्याला ती आहे.

भिशीचे पाच हजार हातात आले तेव्हा मिक्सर घ्यायचा की मुलाचा क्लास, असा विचार चालू होता. सासूबाई एका कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "मिक्सर कुठं पळून जात नाही. दोन दिस कुठंतरी जाऊन या दोघं. पोरं मी बघते. आम्हांला कोणी जा म्हटलंच नव्हतं." त्या बोलण्यापुढे मिक्सर मागे पडला.

भरूचच का, असे पुष्कळांनी विचारले. एक कारण साधे. बोरिवलीहून एका गाडीत बसले की चार-पाच तासांत पोचता येते आणि खर्च आवाक्यात राहतो. दुसरे कारण असे की हे नाव आम्ही नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत ऐकले होते. लोक ज्यांना पांडवलेणी म्हणतात तीच ही लेणी. मंडळाच्या सहलीत एका जाणकाराने दहा नंबरच्या लेण्यातला शिलालेख समजावून सांगितला होता. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा तो लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याने ब्राह्मणांनाही दाने दिली आणि चारी दिशांच्या भिक्खूसंघासाठी हे लेणेही कोरविले. त्या लेखात आणखी एक नोंद आहे. भरुकच्छ म्हणजे भरूच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे आपले नालासोपारा, या चार ठिकाणी त्याने वाटसरूंसाठी मुक्कामाच्या चौसोपी शाळा बांधल्या. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि डाहणुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. राजेलोकांची दाने पुष्कळ ऐकली होती, पण परक्या माणसाच्या रात्रीची आणि नदी ओलांडायची काळजी वाहिलेली आम्ही प्रथमच ऐकली.

शनिवारी पहाटे निघालो. डहाणू गेले, घोलवडला चिकूच्या टोपल्या दिसल्या आणि उंबरगावपासून फलाटावरच्या पाट्या गुजरातीत दिसू लागल्या. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली, तेव्हापासूनची ही हद्द. गाडीला ती कळत नाही, डब्यातल्या माणसांच्या बोलण्यात मात्र ती हळूच बदलते. वापीला दमणगंगा, पुढे पार, सुरतेला तापी. ह्यांनी बोटे मोजली आणि म्हणाले, "अगं, त्या लेखातल्याच नद्या की!" डबा ह्यांनी उघडला, चपाती-भाजी ह्यांनीच वाढली. समोरची गुजराती आजी ते कौतुकाने पाहत होती.

अंकलेश्वर मागे पडले आणि नर्मदेवरचा पूल सुरू झाला. शेजारीच १८८१ साली पुरा झालेला जुना लोखंडी पूल दिसतो. भरूचकर त्याला गोल्डन ब्रिज म्हणतात. लांबी जवळजवळ दीड किलोमीटर. त्याच्या बाजूला २०२१ साली नवा पूल सुरू झाला आहे. आमचे फिटर साहेब खिडकीला नाक लावून जुन्या पुलाच्या सांगाड्याकडेच पाहत होते.

स्टेशनजवळ एका लॉजवर गेलो. गल्ल्यावरच्या माणसाने वही पुढे ओढली, आधार कार्ड मागितले आणि विचारले, "अटक?"

ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अटक? कशाबद्दल?" आम्हांला वाटले, मुंबईकडच्या कोणा जोडप्याची पोलीस चौकशी चालू आहे की काय! तो माणूस हसला. गुजरातीत 'अटक' म्हणजे आडनाव. आम्हीही हसलो. पण हसू ओसरल्यावर मधे जो क्षणभर गेला, तो हे वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आडनाव सांगायचे आणि समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहायचे. भाड्याची खोली शोधताना, नव्या कचेरीत पहिल्या दिवशी, शाळेच्या दाखल्यापाशी, कितीदा तरी आपण असे थबकलो आहोत. गुजराती शब्दाचा मराठी अर्थ आपल्या बाबतीत खरा ठरतो. कित्येक दारांत आडनाव हीच आपली अटक असते.

ह्यांनी आडनाव सांगितले. त्याने ते वहीत लिहिले, किल्ली दिली आणि म्हणाला, "गरम पाणी सवारे छ थी आठ." बस, इतकेच.

काही घडले नाही, हीच सांगण्यासारखी गोष्ट आहे. कारण भरूचपासून रेल्वेने तासाभरावर बडोदा आहे. परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली तिथे नोकरीला आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले. बागेत बसून वेळ काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. त्याच माणसाच्या हातून पुढे राज्यघटना आली. तिच्या १५ व्या कलमात हॉटेलात मज्जाव करता येणार नाही असे आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात तर धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे शब्दच आले आहेत. त्या लॉजवाल्याच्या भलेपणाला आम्ही कमी लेखीत नाही. पण ती किल्ली नुसत्या भलेपणातून आलेली नव्हती.

संध्याकाळी नदीकाठी गेलो. जुने गाव उंच टेकाडावर आहे आणि खाली नर्मदा. जहाजे नाहीत, डोलकाठ्या नाहीत. मोठे बंदर आता खाडीच्या तोंडाकडे दहेजला. इथे गाळ, भरतीचे पाणी आणि चार होड्या. एके काळी मात्र रोमन लोकांची गलबते इथवर येत. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासग्रंथात या बंदराचे नाव बारिगाझा असे आहे. त्यात लिहिले आहे की भरती-ओहोटी फार जोराची आणि नदीचे तोंड कठीण, नवख्या खलाशाचे गलबत सहज फुटावे. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन दूर समुद्रात जात आणि परक्या गलबतांना वाट दाखवीत आत आणीत. सातव्या शतकात चिनी भिक्खू युआन श्वांग इथे आला. खाऱ्या पाण्याचे मीठ करणारे लोक आणि दहाएक विहार असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे.

काठावर बसून पहिला अर्धा तास आम्ही पाणी, फी आणि गोळ्या हेच बोललो. सवय दुसरे काय! मग दोघेही गप्प झालो. बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "कंपनीचं मशीन हलवायचं चाललंय. इकडं गुजरातेत. अंकलेश्वर नाहीतर दहेज. ज्यांना यायचं त्यांनी यावं, बाकीच्यांचा हिशोब, असं बोलतायत."

मरोळ-अंधेरीच्या एमआयडीसीत ज्या जागी कारखाने होते, तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. बातमी नवी नव्हती. पण आमच्या घराची ती आता होत होती. ही गोष्ट त्या दहा बाय पंधरात बोलता आली नसती. बोलली असती तर मुलीने अभ्यास सोडून क्लासची फी परत मागायला जाते म्हटले असते आणि आईंनी रात्रभर डोळा मिटला नसता.

तिथे मात्र बोलता आले. दोन तास बोललो. पगार किती राहील? नोकरीची जुनी वर्षे धरणार का? हे एकटे इथे आले तर खाण्याचे काय? आणि खोली कोण देईल? हा प्रश्न लॉजच्या वहीपेक्षा मोठा आहे. एका रात्रीची किल्ली मिळणे वेगळे आणि सोसायटीत वर्षभराची खोली मिळणे वेगळे. आम्ही मुंबईतही त्यासाठी वणवण केली आहे. डोळ्यांत पाणी आले ते पुसले, पण कोणी कोणाला दोष दिला नाही. उठताना तीन गोष्टी ठरल्या होत्या. कोणत्याही कागदावर एकट्याने सही करायची नाही. युनियनमार्फत सर्व अटी लेखी मागायच्या. मुलीची बारावी होईपर्यंत घर मरोळमधून हलवायचे नाही.

रविवारी सकाळी लॉजच्या पोऱ्याने दारावर टकटक करून चहा आणून दिला. सहावारी नेसलेल्या बाईला गादीवर बसल्या जागी चहा मिळणे म्हणजे काय, हे भगिनींना वेगळे सांगायला नको. माहेरी गेले तरी चूल आहे, गावी गेले तरी चूल आहे. समाजाच्या सहलीत तर पन्नास जणांचे पोहे आहेत. बाई पाहुणी होते ती फक्त परक्या गावात.

नंतर जुन्या गावात सुजनी पाहिली. ही भरूचची दुलई. आपल्या गोधडीला हाताने धावदोरा घालावा लागतो. सुजनीत मागावरच कापडाचे चौकोनी खण विणले जातात आणि विणता विणताच त्यांत कापूस भरतात. ह्यांनी मागाची रचना दोन वेळा समजून घेतली. किंमत ऐकून हात जोडले आणि पाव किलो खारी सिंग घेतली. तीही भरूचचीच नामांकित. रात्री घरी पोचलो तेव्हा पुडी अर्धी झाली होती. जाणे-येणे, लॉज, रिक्षा, जेवण धरून सगळा खर्च साडेतीन हजारांच्या आत.

कंपनीचे अजून ठरलेले नाही. पण आता ती गोष्ट एकाच्या छातीवर नाही, दोघांच्या हातात आहे. कपाटात एक वही आहे आणि तिच्यात विचारायचे प्रश्न क्रमाने लिहिलेले आहेत. मुलीला आणि आईंनाही योग्य वेळी, योग्य शब्दांत सांगता आले.

बांधवांनो आणि भगिनींनो, सहल ही श्रीमंतांची चैन आहे असे आपण धरून चाललो आहोत. ज्याच्या घरात चार खोल्या आहेत त्याला बोलायला बाहेर जावे लागत नाही. गरज आहे ती एका खोलीत पाच जण राहणाऱ्यांना. भरूचच पाहिजे असे नाही. वसई चालेल, अलिबाग चालेल, लेण्यांच्या पायथ्याचे एखादे गावही चालेल. मात्र एक रात्र मुक्काम हवा, आणि सोबत तिसरे कोणी नको. मुलांना सांभाळायला आजी नसेल तर शेजारणीने सांभाळावे आणि पुढच्या खेपेला तिची पोरे आपण सांभाळावीत.

आमच्या महिला मंडळाच्या भिशीत यंदापासून दर महिना शंभर रुपये वेगळे काढायचे ठरले आहे. वर्षात जिचा नंबर लागेल तिने आणि तिच्या धन्याने दोन दिवस जाऊन यायचे. त्या पैशातून मिक्सर घ्यायचा नाही, ही अट आहे. पहिला नंबर पापड लाटणाऱ्या एका भगिनीचा लागला आहे. तिने अजून गाव ठरवलेले नाही, पण तिच्या दोन मुलांची व्यवस्था आमच्याकडे ठरली आहे.